आधीचा रकाना

सर्जेकोटला ही तिसरी खेप.
स्कूटर बंदरावरच लावली. पुढे वाटभर जाळी पसरलेली,
आणि जाळ्यावर चाक गेलं
तर या गावात मला पुन्हा कुणी चहा विचारणार नाही.

पिशवीत तक्ता, दोन पेनं, स्टॉपवॉच, भोवरा,
आणि एक जाड बाही. बर्फाच्या कारखान्यातल्या
जुन्या हातमोज्याची बोटं कापून
दर्शनानेच शिवून दिलेली.

निहार लवू कुबल, वय चार वर्षं दोन महिने.
डाव्या मनगटावर स्वतःच्याच दातांच्या कमानी,
जुन्या पिवळ्या, कालची जांभळी.
कुडाळच्या फायलीत लिहिलंय: विनाकारण चावतो.
तो पहिला शब्द खोडायला मी येते
आणि दोन खेपांत तो खोडला गेलेला नाही.

तक्त्याला रकाने तीन. आधी, वर्तन, नंतर.
मधला गच्च भरलाय.
शेवटचाही: आईने उचललं, काकीने बिस्कीट दिलं,
शेजारून कुणीतरी ओरडलं.
पहिल्यात माझंच अक्षर, खाली खाली तिरकं होत गेलेलं:
काही नाही. काही नाही. आई भांडी घासत होती. काही नाही.

अजून आठवडाभर बघा, असं वरिष्ठ म्हणाल्या.
आठवडा म्हणजे चावे किती, ते मी मनातच मोजलं.

लवू खळ्यात जाळं सांधत बसलेला, दातांत सुतळीचं टोक.
वर न बघताच म्हणाला,
"बाई, वारो सुटल्यार तुमी घड्याळ लावतास.
पाणी आधी बदालता."

याचं पाणी कसं बदलतं?
दर्शनाने हात पुसले.
"टाचो उचालता. मगे नाकातसून हूं करता,
होडयेचा इंजिन धरूच्या आधी करता तसा. मगे चावता."
हे तुम्ही केंद्रात सांगितलं नाहीत?
"कोणी इचारूकच नाय. चावता कितीदा, ताच इचारल्यानी."

कधी उचलतो टाचा?
"कामार जावच्या येळाक." म्हणजे निघाल्यावर?
ती दाखवायला उठली. मॅक्सीवरून ओढणी
कमरेभोवती घेतली, गाठ आवळली.
टाचा उचलल्या गेल्या.

सोडा, मी म्हटलं. सोडली. टाचा खाली.
बांधा. टाचा, हूं. सोडा, लगेच सोडा.
पाच वेळा गाठ, पाच वेळा हूं.
मध्ये भोवरा काढून घेतला. तो भिंतीकडे बघत राहिला.
ठोकळे भर म्हटलं. दोन भरले, एक माझ्यावर फेकला,
टाचा जमिनीवरच.
आम्ही तिघं दुसरीकडे बघत गप्प बसलो. तोही गप्प.
सगळं मिळून चौदा मिनिटं.
मधला रकाना कोरा. बाही कोरडी.

पाच वेळा मी एका मुलाला
त्याची आई जाणार असं दाखवलं, मुद्दाम.
याला तक्त्यात जागा नाही.

चार वाजता लिलाव. गाठ तर बांधावीच लागणार.
दर्शनाने त्याची बोटं धरून ओढणीच्या टोकावर ठेवली,
ओढायला लावलं. गाठ सुटली.
ती खाली बसली, त्याच्यासोबत वीस मोजले,
अकरा ती दोनदा म्हणाली.
मग पुन्हा गाठ. पुन्हा बोटं, पुन्हा वीस.
तिसऱ्यांदा त्याने ओढलं ते माझ्या पिशवीचा बंद.
लवू हसला. मी लिहून घेतलं.

ती गेलीच शेवटी, टोपली घेऊन, मागे न बघता.
निहार दारात उभा राहिला, टाचा वर.
हूं लांबला. बाहीवर एक चावा, चार सेकंद.
मी आधीच्या रकान्यात "गाठ" लिहिलं,
मग फाईल काढली, विनाकारण खोडलं.
खाऱ्या हवेने कागद मऊ झालेला.
पेन पार आरपार गेलं.